चेंगदूच्या रस्त्यावरची वहिवाट

चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगदूच्या पीपल्स पार्कमध्ये तळ्याकाठी हमिंग नावाचं चहाघर आहे, १९२३ पासूनचं. वर झाडं, खाली बांबूच्या खुर्च्या आणि ठेंगणी टेबलं. ऊन पडलेला रविवार असेल तर सकाळी दहानंतर खुर्ची मिळणं कठीण. अशा गर्दीत एक खुर्ची रिकामी दिसते. समोर अर्धा प्यालेला चहा, वाटीवर झाकण, झाकणावर झाडाचं एक पान. नवखा माणूस खूश होऊन बसायला जातो आणि शेजारच्या टेबलावरची बाई मान वरही न करता नुसता हात हलवते. झाकणावर पान, भुईमुगाचं टरफल किंवा असंच काहीतरी बारीकसारीक ठेवलेलं असलं की माणूस जवळच गेलाय, परत येणार आहे, जागा त्याची. झाकण काढून बशीला टेकवून ठेवलं असेल तर पाणी हवंय. किटली घेऊन फिरणारा हाक न मारता येतो, ओततो, पुढे जातो. झाकण उलटं करून वाटीतच टाकलं की पिऊन झालं, आवरा. पैसे एकदाच द्यायचे, बसताना. गरम पाणी दिवसभर मिळतं आणि ऊठ कुणी म्हणत नाही.

चेंगदू आणि त्याला जोडलेले तालुके मिळून २०२०च्या जनगणनेत दोन कोटी नऊ लाख माणसं होती. इतकी माणसं बागेत, फुटपाथवर, पुलाखाली, सोसायटीच्या फाटकात रोज एकमेकांच्या अंगावर न येता कशी बसतात, नाचतात, खेळतात, विकतात, हे कळायला सरकारी फलक फारसे उपयोगाचे नाहीत. आपल्याकडे शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं वापरलेली वाट जशी मोजणीच्या नकाशात नसली तरी सगळ्यांना ठाऊक असते, तशी इथली प्रत्येक जागा कुणाच्या तरी वहिवाटीची आहे. फरक इतकाच की इथली वहिवाट घड्याळावर चालते. तीच फरशी सकाळी सातला एकाची, नवाला दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची.

घड्याळाचंही इथे एक निराळं प्रकरण आहे. १९४९नंतर सगळ्या चीनला एकच वेळ, बीजिंगची. ती १२० रेखांशावर बेतलेली, आणि चेंगदू १०४ वर. म्हणजे सूर्य इथे घड्याळापेक्षा तासभर मागे चालतो. डिसेंबर-जानेवारीत आठ वाजत आले तरी धड उजाडलेलं नसतं. त्यात शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, त्यामुळे हिवाळाभर आभाळ राखी. इथली जुनी म्हण आहे की सिचुआनची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात. म्हणूनच थंडीत एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडलं तर शहराचं वेळापत्रक कोलमडतं. नदीकाठच्या हिरवळीवर चादरी अंथरल्या जातात, गाद्या-रजया कठड्यांवर पसरल्या जातात, आणि कामाच्या वारी भर दुपारी चहाघरं भरून वाहतात. त्या दिवशी एखाद्या कार्यालयात माणूस जागेवर सापडला नाही तर त्याचं कारण विचारायचं नसतं.

चहाघरंच इतकी का, याचं उत्तर ‘लोक आरामशीर आहेत’ असं देऊन भागत नाही. उत्तर पाण्यात आहे. चेंगदूत विहिरी भरपूर, पण पाणी खारट-मचूळ, चहाची चव बिघडवणारं. चांगलं पाणी नदीचं, आणि ते कावडीने वाहून आणावं लागे. घरोघरी हा खटाटोप परवडत नसे, शिवाय जळणही महाग. मग चहाघरवाले नदीचं पाणी आणून मोठ्या भट्टीवर उकळत ठेवत, ‘नदीच्या पाण्याचा चहा’ अशी पाटी लावत आणि शेजारपाजारच्यांना उकळतं पाणी विकतही. अंघोळीचं पाणी, औषधाचा काढा उकळणं, सगळं तिकडेच. १९०९च्या सुमाराच्या एका शहरवर्णनात ५१६ रस्ते-गल्ल्या आणि ४५४ चहाघरं नोंदलेली आहेत. गल्ली तिथे चहाघर, हा जवळजवळ शब्दशः हिशोब होता. भांडणंही तिथेच मिटत: दोन्ही बाजूंनी आपापली माणसं आणायची, वजनदार मध्यस्थाने ऐकून घ्यायचं, आणि जो चुकीचा ठरेल त्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे भरायचे. मध्यस्थ बऱ्याचदा ‘पाओग’ या गुप्त बंधुमंडळाचा असे, त्यामुळे निकाल मानावाच लागे. कोर्टापेक्षा स्वस्त, पण न्याय किती आणि दांडगाई किती, हे मध्यस्थावर अवलंबून.

त्या जुन्या वळणाचं चहाघर पाहायचं असेल तर शहराबाहेर शुआंगल्यू भागातल्या फंगजन गावी जावं. विटांची भट्टी, भिंतींवर माओच्या काळातल्या घोषणा, मातीची उंचसखल जमीन. उजाडायच्या आधीच म्हातारे येऊन बसतात. रोजच्या गिऱ्हाइकाला चहा एक युआन, कॅमेरा घेऊन आलेल्याला दहा. यात कुणाला अन्याय वाटत नाही, वाटूही नये. दहा युआनवाल्याला ज्या दृश्याचा फोटो हवाय ते दृश्य एक युआनवालेच फुकट पुरवतायत.

आता चहा पिण्याचं. भांडं तीन तुकड्यांचं असतं, त्याला गायवान म्हणतात: खाली बशी, मधे कानाशिवायची वाटी, वर झाकण. नवखा माणूस वाटी मधोमध पकडतो आणि बोटं भाजून घेतो, कारण पाणी उकळतं आणि चिनी माती पातळ. धरायची बशी. बशीला मधे खोलगट घर असतं, त्यात वाटीचा बूड बसतो, म्हणून डाव्या हाताने बशी उचलली की वाटी हलत नाही. उजव्या हाताने झाकण किंचित तिरकं करून बारीक फट ठेवायची आणि त्या फटीतून प्यायचं; पत्ती आत राहते. झाकण सबंध काढून प्यायलं की तोंडात पालाच येतो. झाकणाच्या कडेने पाणी हलकेच ढवळलं की चहा कडक होतो, तसंच राहू दिलं तर फिका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाटी तळापर्यंत रिकामी करायची नाही. एक तृतीयांश उरला की झाकण बशीला टेकवायचं. तळाचा तो अर्क नव्या पाण्यात मिसळतो म्हणून तिसरी-चौथी वाटीही प्यावीशी वाटते. पहिलीच पूर्ण संपवली तर दुसरीपासून नुसतं गरम पाणी.

पत्तीमध्ये पहिला मान फुलांच्या चहाला. हे फूल म्हणजे आपला मोगरा, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानेही तोच. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दुपारच्या उन्हात खुडतात, कारण त्या रात्री उमलतात आणि वास तेव्हाच सुटतो. कळ्या आणि ग्रीन टीची पत्ती यांचा ढीग एकत्र करून रात्रभर ठेवायचा. पत्ती वास ओढून घेते आणि त्याबरोबर ओलही. ताज्या कळ्यांच्या श्वसनाने ढीग तापतो; वेळेवर पसरून वारा दिला नाही तर पत्ती आंबूस होते. सकाळी फुलं चाळून काढायची, पत्ती वाळवायची, आणि दुसऱ्या रात्री ताज्या कळ्या. चांगल्या मालाला हे तीन-चार वेळा किंवा जास्तही करतात. सिचुआनच्या एका नावाजलेल्या प्रकारात शेवटी थोड्या पाकळ्या शोभेला ठेवतात, त्या पाण्यावर तरंगतात. बाकी चहात फूल दिसत नाही म्हणजे तो नकली, असं समजायचं कारण नाही. उलट स्वस्त मालात पाकळ्या सढळ हाताने टाकलेल्या असतात.

खुर्चीत बसलं की थोड्या वेळात धातूचा टण्णकन आवाज येतो आणि हवेत थरथरत राहतो. कान साफ करणारा आला. तोंडाने ओरडायचं नाही, चिमटा वाजवायचा, ही त्याची जाहिरात. डोक्याला दिवा, हातात हत्यारांचा जुडगा: लांब दांडीची चिमुकली कोरणी, बारीक चिमटा, पातळ पातं, हंसाच्या पिसाची काडी. आधी कानाच्या तोंडाशी असलेली लव पात्याने खरवडतो, मग कोरणीने मळ सोडवतो, चिमट्याने काढतो, पिसाने झाडतो. शेवटी पीस कानात तसंच ठेवून थरथरता चिमटा त्याच्या दांडीला टेकवतो. डोक्यात मधमाशी शिरल्यासारखं होतं, आणि लोक पैसे मोजतात ते बहुतेक त्या मधमाशीचेच. दर आधी विचारावा, कारण ‘आणखी एक हत्यार’ म्हणत तो वाढतो. मधेच मान हलवू नये, हे सांगायला नको. एकाचंच पीस दुसऱ्याच्या कानात जातं, त्यातून बुरशीचा संसर्ग होतो असं तिथले कानाचे डॉक्टरही सांगतात. ज्याचा पडदा फाटलाय किंवा कान वाहतो त्याने लांबूनच पाहावं.

बाकी टेबलांवर माहजोंग, म्हणजे चौघांनी सोंगट्या जुळवत खेळायचा चिनी खेळ. बाहेरच्याला सगळीकडचा माहजोंग सारखाच वाटतो, पण सिचुआनचा खेळ आपल्या तऱ्हेचा आहे आणि तो इथल्या स्वभावाला बरोबर शोभतो. पुऱ्या संचात १४४ सोंगट्या असतात; इथे वारे, ड्रॅगन, फुलं सगळी काढून फक्त तीन रंगांच्या १०८ ठेवतात. प्रत्येकाने सुरुवातीलाच एक रंग सोडायचा आणि त्या रंगाच्या सोंगट्या आधी टाकून मोकळं व्हायचं. टाकलेल्या सोंगटीवरून ओळीचा क्रम जुळवायला परवानगी नाही. तीन सारख्यांची तिळी जुळत असेल, चार सारख्यांची चौकडी होत असेल किंवा डाव जिंकता येत असेल तरच उचलायची. चौकडी झाली की तिचे पैसे तिथल्या तिथे. आणि खरी मेख अशी की पहिला जिंकला म्हणून डाव संपत नाही. तो आपल्या सोंगट्या आडव्या करतो, चहा पितो, उरलेले तिघं खेळत राहतात. मग दुसरा सुटतो. शेवटी एकच उरतो किंवा उचलण्यासाठी रचून ठेवलेल्या सोंगट्यांची भिंत संपते. भिंत संपल्यावर ज्याचा हात एका सोंगटीवर अडलेला नाही, म्हणजे जो जिंकायच्या जवळही नव्हता, तो दंड भरतो. आणि ज्याच्या हातात तिन्ही रंग तसेच आहेत त्याला ‘रंगीत डुक्कर’ म्हणतात आणि त्याचा दंड सगळ्यात जबर. नवशिके इथेच मार खातात. मोठ्या हाताच्या नादात तिसरा रंग धरून बसतात.

पैसे लावलेले असतात, बहुतेक किरकोळ. चीनमध्ये जुगार कायद्याने बंद आहे, पण ओळखीच्यांतली करमणुकीपुरती रक्कम कुणी जुगारात धरत नाही. ती रेघ कुठे आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

चिनी बुद्धिबळाचं तंत्र उलटं. खेळणारे दोन, बघणारे दहा, आणि कित्येक पटांवर मधल्या ‘नदी’च्या पट्टीत छापलेलंच असतं की डाव पाहणारा सज्जन गप्प बसतो आणि टाकलेली सोंगटी मर्द परत घेत नाही. दोन्ही वाक्यं सर्रास मोडली जातात. बघणारा हात घालून सोंगटी हलवूनही दाखवतो.

आता फरशीकडे येऊ. उजाडायच्या सुमारास बागेत ताई-ची करणारे, झाडाला पाठ आपटणारे, उलट्या पावलांनी चालणारे. त्याच फरशीवर थोड्या वेळाने एखादा म्हातारा बादली आणि लांब दांडीचा स्पंजचा ब्रश घेऊन येतो आणि पाण्याने अक्षरं काढू लागतो. वरून खाली, उजवीकडून डावीकडे, एक फरशी एक अक्षर, आपण मागे सरकत. अक्षर ओलं असेपर्यंत लोक वळसा घालून जातात. उन्हाळ्यात मिनिटा-दोन मिनिटांत ते उडतं. चेंगदूच्या दमट हिवाळ्यात बराच वेळ टिकतं, म्हणजे हिवाळ्यात म्हाताऱ्याच्या ताब्यात जास्त फरश्या.

संध्याकाळी सातला मात्र चाकांवरचा स्पीकर येतो आणि फरशी बायकांची होते. या सामूहिक नाचावर परदेशी लोक हसून घेतात; मला ती चीनमधली सगळ्यात शिस्तबद्ध खासगी संघटना वाटते. पुढे एक शिकवणारी, तिच्यामागे ज्यांना पावलं पाठ आहेत त्या, नव्यांनी शेवटच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्यांच्या पायांकडे बघत शिकायचं. पावलं पक्की झाली की रांग आपोआप पुढे सरकते. स्पीकरच्या बॅटरीसाठी, गाणी भरण्यासाठी थोडी वर्गणी असते. शेजारच्या गटाचं गाणं आपल्यात घुसू लागलं की आधी शिकवणाऱ्या दोघी बोलतात, मग स्पीकरची तोंडं फिरवली जातात. तेवढ्याने भागलं नाही तर आवाज चढत जातो, आणि तिथून वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांशी भांडण सुरू होतं.

या बायका इतक्या संख्येने आल्या कुठून? निवृत्तीच्या नियमातून. कित्येक दशकं कारखान्यातल्या बाईचं निवृत्तीचं वय ५० होतं, कार्यालयातल्या बाईचं ५५, पुरुषाचं ६०. म्हणजे पन्नाशीत, धडधाकट अंगाने, हातात पेन्शन असलेली बाई घरी. दिवसभर नातवंडं, संध्याकाळ मोकळी. १ जानेवारी २०२५पासून ही वयं हळूहळू वाढवायला सुरुवात झालीय. पंधरा वर्षांत ती ५५, ५८ आणि ६३ होतील. म्हणजे मागच्या रांगेत येणारी नवी भरती उशिरा येईल. कायदाही आलाय: ५ जून २०२२पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात सार्वजनिक जागी नाचणाऱ्या-गाणाऱ्यांनी जागा, वेळ आणि आवाज यांचे तिथले नियम पाळावेत असं स्पष्ट म्हटलंय. अनेक बागांत डेसिबल दाखवणारे फलक लागलेत, काही ठिकाणी आवाज ठरावीक दिशेलाच फेकणारे स्पीकर. पण कायद्याआधीपासून एक बंधन मात्र बिनबोभाट पाळलं जातं. ७ जूनपासून कॉलेज प्रवेशाची परीक्षा सुरू होते. त्या दिवसांत परीक्षा केंद्राच्या आसपास स्पीकर बंद.

बागेच्या एका कोपऱ्यात मुलामुलींची लग्नं जुळवणारे आईबाप उभे असतात. दोरीवर, झुडपावर कागद लटकवलेले: जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचं की कर्जाचं, नोकरी सरकारी की खासगी. फोटो बहुतेकदा नसतो, आणि ज्याचं लग्न तोही तिथे नसतो. कित्येकांना आपला कागद टांगलाय याचा पत्ताही नसतो. कागदावरचं जन्मवर्ष बघून पुढे जायचं, ही तिथली पहिली चाळणी. एक अपत्याच्या धोरणात वाढलेली पिढी ही, एकुलत्या एकाचे आईबाप आणि एकुलतीचे आईबाप समोरासमोर उभे राहून पगार विचारतात. आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यात निदान चहा-पोहे असतात, इथे तेही नाही.

पोटाचं पाहायचं तर नूडल्सच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. इथे नूडल्स वाटीने मागत नाहीत, ल्यांगने मागतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम. नाश्त्याला दोन ल्यांग पुरतं, भूक मोठी असेल तर तीन. नुसतं तोंड चाळवायचं तर एक. मग रस्सा तिखट की साधा की कोरडं कालवलेलं, तेही आधीच सांगायचं, कारण वाटीत मसाला आधी पडतो आणि नूडल्स नंतर. सोयासॉस, मिरचीचं तेल, लसूणपाणी, तीळ, आणि भाजून कुटलेलं सिचुआन मिरं. हे मिरं म्हणजे कोकण-गोव्याच्या तिरफळाचं भावंड, एकाच कुळातलं. आपण तिरफळ अख्खं बांगड्याच्या आमटीत टाकतो आणि खाताना बाजूला काढतो. इथे त्याची पूड थेट जिभेवर येते, त्यामुळे ओठ बधिर होतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला ही अ‍ॅलर्जी वाटते. घाबरून वर गार पाणी ढोसू नये, दहा मिनिटांत उतरतं. नूडल्स उकडलेलं पाणी मागितलं तर फुकट मिळतं, ते प्यावं. टेबल मोकळं नसेल तर अनोळखी माणसासमोर न विचारता बसतात. त्याच्याशी बोलायची गरज नसते.

शाकाहारी मराठी माणसाने मात्र सावध राहावं. ‘मांस नको’ म्हटलं की वरचा खिमा जातो, पण वाटीच्या तळाशी डुकराची चरबी चमचाभर पडलेली असतेच, कारण ती कुणी मांसात धरत नाही. चरबी नको हे वेगळं सांगावं लागतं, आणि सांगूनही वाढायची पळी एकच असते. निर्धास्त जेवायचं असेल तर वन्शू विहाराचं शाकाहारी भोजनगृह आहे, बौद्ध भिक्षूंच्या नियमाने चालणारं; तिथे कांदा-लसूणही टाळतात.

भाजीबाजारात पाटीवरचा भाव जिनचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा. स्वस्त म्हणून आनंदून किलोभर घेतलेला माणूस हिशोबाच्या वेळी चमकतो. गलक्यात आकडे बोटांवर सांगतात, एका हाताने दहापर्यंत. अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपण त्याला दोन समजतो, आणि तिथेच घोटाळा होतो. विक्रेत्या बाईला न्यांगन्यांग, म्हणजे मावशी-काकू म्हणावं. तरुण असेल तर सुंदरी म्हणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भाजीच्या जुडीबरोबर पातीचा कांदा फुकट मिळतो, तो मागून घ्यायचा असतो.

पैसे मोबाईलवरून. रताळी भाजणाऱ्याच्या गळ्यातही क्यूआरचं कार्ड असतं. जवळ एक छोटी डबी ठेवलेली असते ती मोठ्यांदा सांगते, बारा युआन जमा. ही डबी नुसती सोयीची नाही. चोरटे विक्रेत्याच्या क्यूआरवर आपला क्यूआर चिकटवून जात, गिऱ्हाईक पैसे पाठवे आणि विक्रेत्याला संध्याकाळपर्यंत कळत नसे. आता डबी बोलली नाही तर पिशवी सोडत नाहीत. परदेशी कार्ड २०२३च्या उन्हाळ्यापासून अलीपे आणि वीचॅट या पैसे भरायच्या अ‍ॅपना सहज जोडता येतं. एका व्यवहारात २०० युआनच्या वर गेलं की तीन टक्के कापतात, म्हणून मोठं बिल शक्य असेल तर तुकड्यांत द्यावं. रोख नाकारणं बेकायदा आहे, पण शंभरची नोट पुढे केली तर सुट्टे आणायला विक्रेता शेजारच्या तीन गाड्यांवर फिरतो.

रस्ता ओलांडताना आपली सवय घात करते. गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे पाहायचं. त्याहून धोक्याचं म्हणजे समोर लाल दिवा असला तरी गाडीला उजवीकडे वळायची मुभा असते. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला म्हणून निर्धास्त निघालात की वळणारी गाडी थेट अंगावर. आणि विजेवरच्या दुचाक्या आवाज करत नाहीत. २०१९च्या नियमाने त्यांचा वेग ताशी २५ किलोमीटरला बांधलाय, पण जेवण पोचवणाऱ्या पिवळ्या-निळ्या जॅकेटवाल्यांना मिनिटं मोजून दिलेली असतात. फुटपाथही त्यांचा, उलट दिशाही त्यांची. एकाच लयीत, न थांबता चालत राहावं. ते तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळसा घालतात. मधेच दचकून थांबलेल्यालाच धक्का बसतो.

वर्षातून दोनदा रस्ता पितरांचा होतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग, आणि चांद्र सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास. अंधार पडला की लोक चौकाच्या कडेला, नदीकाठी येतात, खडूने वर्तुळ काढतात आणि एका बाजूला थोडी जागा उघडी सोडतात. उघडं तोंड मूळ गावाच्या किंवा कबरीच्या दिशेला. वर्तुळात कागदी नोटा जाळतात, आपल्याच माणसाला पोचाव्यात म्हणून. चार-दोन नोटा मुद्दाम बाहेरही टाकतात, ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठी. नाहीतर ते वर्तुळात घुसतील. आगीच्या भीतीने शहरांनी यावर बंधनं आणलीत, कुठे लोखंडी पिंपं ठेवलीत. सकाळी नारिंगी जॅकेटवाले सफाई कामगार राख झाडून नेतात. खडूची रेघ मात्र पाऊस पडेपर्यंत राहते आणि तिच्यात पाय पडू नये म्हणून माणसं चालताना एक पाऊल लांब टाकतात.

सगळ्यात नाजूक वहिवाट गाडीवाल्यांची. फेरीवाल्यांना हटवणारं शहर-व्यवस्थापनाचं पथक आणि त्यांचा लपंडाव जुना आहे. पण मार्च २०२०मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेनंतर, चेंगदूने ठरावीक जागी आणि ठरावीक वेळेत रस्त्यावर विकायला परवानगी दिली. मेमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग यांनी पत्रकार परिषदेत पश्चिमेकडच्या एका शहराचं उदाहरण दिलं, छत्तीस हजार गाड्या लागल्या आणि एक लाख लोकांना काम मिळालं. ते शहर चेंगदूच, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर देशभर गाड्यांचं पेव फुटलं आणि बऱ्याच ठिकाणी ते लवकरच आवरतंही घेतलं गेलं. चेंगदूत मात्र दानहोंगगाओवाले टिकून आहेत. तळहाताएवढं तांब्याचं पातेलं, त्यात अंडं, मैदा आणि गुळाचं आंबवलेलं पातळ पीठ, वर झाकण. कडा सुटल्या की मधे तीळ-साखर किंवा लोणचं-खिमा भरून अर्धं दुमडायचं. आच मोठी झाली तर तळ करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो, म्हणून विकणारा पातेली चुलीवर सतत फिरवत असतो. शाळा सुटायच्या वेळेला तो फाटकाच्या डाव्या अंगालाच दिसणार. उजव्या अंगाला साखरेच्या पाकाची चित्रं काढणारा.

अलीकडे बिनमाणसाच्या माहजोंग खोल्या वाढल्यात. मोबाईलवरून तासाचे पैसे भरायचे, दार आपोआप उघडतं, सोंगट्या पिसणारं यांत्रिक टेबल, भिंतीला पाण्याचं मशीन. झाकण कुठे ठेवलंय हे बघायला कुणी नाही, कारण चहा कागदी पेल्यात. तरुण मंडळींना ते सोयीचं वाटतं. चहाघर पाचला टेबलं आवरायला लागलं तरी इथे पहाटेपर्यंत बसता येतं. वेळ संपली की वीज जाते. डाव रंगात असताना अंधार झाला तर हिशोबावरून भांडणं होतात, म्हणून जुने खेळाडू सांगतात, चौकडीचे पैसे उधार ठेवायचे नाहीत, आणि वेळ वाढवायचं काम हरणाऱ्याकडे सोपवायचं. तो विसरत नाही.